दोन सूत कमी पंचवीस फूट

5 ऑगस्ट 1901. ऑगस्टातला पहिला सोमवार, म्हणजे आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टीचा दिवस. डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या मैदानावर त्या दिवशी पीटर ओ'कॉनर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण धावत आला आणि फळीवरून त्याने लांब उडी मारली. फीत लावल्यावर आकडा निघाला 24 फूट 11¾ इंच. 25 फुटांना पाव इंच कमी. आपल्याकडच्या सुतार-गवंड्यांच्या हिशेबात दोन सूत. मीटरमध्ये सांगायचं तर 7.61. इतक्या लांब उडीची नोंद त्याआधी झालेली नव्हती, आणि पुढची वीस वर्षं हा आकडा कुणाला ओलांडता आला नाही.

या उडीचा मोठेपणा पुढच्या ऑलिंपिक स्पर्धांचे निकाल पाहिले की कळतो. 1912 साली स्टॉकहोमला अमेरिकेच्या अल्बर्ट गटरसनने लांब उडीचं सुवर्णपदक जिंकलं ते 7.60 मीटरवर. अकरा वर्षांपूर्वीच्या उडीपेक्षा एक सेंटिमीटर कमी. 1908 चं लंडन, 1920 चं अँटवर्प, 1924 चं पॅरिस, यांपैकी कुठेही लांब उडीचा विजेता 7.61 पर्यंत पोचला नाही. विक्रम मोडला तो 23 जुलै 1921 ला, हार्वर्ड विद्यापीठाच्या एडवर्ड गोर्डिनने. त्याने 25 फूट 3 इंच, म्हणजे 7.69 मीटर उडी मारली आणि पंचवीस फुटांची वेस पहिल्यांदा ओलांडली गेली. हा गोर्डिन कृष्णवर्णीय अमेरिकन होता. पुढे तो वकील आणि मग न्यायाधीश झाला. आयर्लंडचा राष्ट्रीय विक्रम म्हणून मात्र ओ'कॉनरचा आकडा त्यानंतरही टिकून राहिला. 1990 साली कार्लोस ओ'कॉनेलने 7.63 मीटर उडी मारली तेव्हा एकोणनव्वद वर्षांनी तो मागे पडला. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली, देश स्वतंत्र झाला, कृत्रिम धावपट्ट्या आल्या, बूट बदलले, प्रशिक्षणाचं शास्त्र उभं राहिलं.

या आकड्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उडी खेळाडू मारतो, पण ती मोजतो दुसरा, आणि कोणत्या देशाच्या नावावर लिहायची हेही दुसराच ठरवतो. ओ'कॉनर आयुष्यभर या दोन्ही गोष्टींवर हक्क सांगत राहिला.

त्याचा जन्म 24 ऑक्टोबर 1872 चा, आणि तोही इंग्लंडमधला: कम्बरलंड परगण्यातल्या मिलम गावचा. घराणं मात्र आयर्लंडच्या विकलोचं, आणि तो वाढलाही विकलोतच. पुढे तो दक्षिण किनाऱ्यावरच्या वॉटरफर्ड शहरात एका वकिलाच्या कचेरीत नोकरीला लागला आणि मुख्य कारकुनाच्या जागेपर्यंत पोचला. दिवसभर दस्तऐवज, करारनामे, नोटिसा. या कामाचा ठसा त्याच्या खेळातल्या वागण्यावरही दिसतो. अन्याय झाला असं वाटलं की तो तक्रार घेऊन थेट संबंधित अधिकाऱ्यापुढे उभा राही. एक फेटाळली गेली की दुसरी करी.

1896 मध्ये तो गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनमध्ये दाखल झाला. या संस्थेविषयी थोडं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय त्या काळच्या आयरिश खेळाचं चित्र पुरं होत नाही. 1884 मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि त्याच्या सोबत्यांनी ती स्थापन केली. आज ती हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलसाठी ओळखली जाते; पण सुरुवातीला क्युसॅकच्या मनात मैदानी खेळांना मोठं स्थान होतं. तो स्वतः वजनफेक करणारा खेळाडू होता. त्या वेळी खेळांची सूत्रं इंग्रजी वळणाच्या क्लबांकडे होती आणि हौशी खेळाडूची व्याख्या अशी केली जाई की हातावर पोट असणारा मजूर आपोआप बाहेर पडावा. गावोगावच्या जत्रांत आणि शेतांत उड्या मारणाऱ्या, गोळे फेकणाऱ्या पोरांना मैदान मिळालं ते क्युसॅकच्या संस्थेमुळे. 1899 मध्ये तिच्या अखिल आयर्लंड स्पर्धांत ओ'कॉनरने लांब उडी, उंच उडी आणि तिहेरी उडी अशी तिन्ही पदकं घेतली.

उड्यांच्या बाबतीत आयर्लंडची मातीच वेगळी असावी असं वाटण्याजोगी नावं त्या पिढीत आढळतात. कॉर्क परगण्यातले लेही बंधू घ्या. त्यांतला पॅट्रिक 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उंच उडीत दुसरा आणि लांब उडीत तिसरा आला. कॉन लेहीची गोष्ट पुढे येईलच. लिमरिक परगण्यातले आहर्न बंधू घ्या. टिमने 1908 मध्ये ब्रिटनच्या नावावर तिहेरी उडीचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या डॅनने 1911 मध्ये तिहेरी उडीत 15.52 मीटरची मजल मारली. आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघ 1912 मध्ये जन्माला आला आणि नंतर त्याने विक्रमांच्या याद्या केल्या. तेव्हा तिहेरी उडीच्या यादीत पहिलं नाव डॅन आहर्नचं आलं आणि लांब उडीच्या यादीत पहिलं नाव पीटर ओ'कॉनरचं. आधुनिक ऑलिंपिकचा पहिला विजेता जेम्स कॉनली अमेरिकेच्या बोस्टनचा, पण त्याचे आईवडील आयर्लंडच्या अरन बेटांवरून आलेले. 1896 मध्ये अथेन्सला त्याने तिहेरी उडी जिंकली ती एकाच पायावर दोन लंगड्या आणि मग उडी अशा पद्धतीने. ही पद्धत आयरिश गावांत फार रुळलेली होती.

आता लांब उडीच्या अवघडपणाकडे वळू. वरवर पाहता यापेक्षा सोपा खेळ नाही: धावायचं आणि उडायचं. खरी अडचण फळीवर असते. भरधाव पळणाऱ्या माणसाचा पाय फळीवर सेकंदाच्या साधारण आठव्या हिश्शाइतकाच वेळ टेकतो. तेवढ्यात पुढच्या दिशेचा वेग शक्य तितका राखून शरीराला वर उचलायचं असतं. फेकलेला दगड सर्वांत लांब जायचा तर तो पंचेचाळीस अंशांत फेकावा असं शाळेत शिकवतात. लांब उडीत ते चालत नाही. इतकं उभं उडायचं तर धावण्याचा वेग फळीवरच मारावा लागेल, आणि अंतर वेगातूनच येतं. म्हणून उत्तम उडीपटू वीस अंशांच्या आसपासच उडतात. ओ'कॉनर उंच उडीतही अव्वल होता ही गोष्ट इथे कामाची आहे. धावता धावता वर उचललं जाण्याची ताकद त्याच्या पायांत होती. त्या काळात धावायला गवत होतं आणि उतरायला उकरलेली जागा.

याहून महत्त्वाची गोष्ट मोजणीची. पाऊल फळीच्या पुढच्या कडेपलीकडे गेलं की उडी बाद. वाळूत शरीराचा जो भाग फळीच्या सर्वांत जवळ खूण करतो, तिथून फीत धरायची. मागे हात टेकला तर हातापासून. आज फळीवर नजर ठेवायला कॅमेरे आहेत. त्या काळात होते फक्त पंचाचे डोळे. पाय पुढे गेला का, खूण नेमकी कुठे उमटली, फीत कुठून धरायची, या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या हाती. दोन खेळाडूंमध्ये बोटभराचा फरक असेल तर निकाल पंचाच्या नजरेवर ठरणार हे उघड आहे.

1900 आणि 1901 या दोन वर्षांत ओ'कॉनर आयरिश अ‍ॅमेच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या मैदानांवरही उतरू लागला. ही गेलिक संस्थेची प्रतिस्पर्धी संघटना. लांब उडीतला सर्वोत्तम आकडा त्या वेळी होता मायर प्रिन्स्टाइनचा: एप्रिल 1900 मध्ये फिलाडेल्फियात मारलेली 7.50 मीटरची उडी. ओ'कॉनरने तो आकडा मागे टाकला, मग स्वतःचाच पुन्हा पुन्हा मागे टाकला, आणि अखेर बॉल्सब्रिजला 7.61 वर पोचला.

प्रिन्स्टाइनची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण या गोष्टीत त्याला खलनायक करणं अन्यायाचं होईल. पोलंडमध्ये जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत गेलेला हा ज्यू मुलगा सिरॅक्यूज विद्यापीठाकडून खेळायचा. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये लांब उडीची अंतिम फेरी रविवारी ठेवली गेली. मेथॉडिस्ट पंथाशी जोडलेल्या त्याच्या विद्यापीठाने रविवारी खेळायला मनाई केली. ज्याचा विश्रांतीचा दिवस शनिवारी, तो मुलगा ख्रिस्ती रविवारसाठी बाहेर बसला. आदल्या दिवशीच्या प्राथमिक फेरीतल्या 7.175 मीटरवर त्याला दुसरं स्थान मिळालं. रविवारी उतरलेल्या ॲल्विन क्रेन्झलाइनने एका सेंटिमीटरने सुवर्ण नेलं. दुसऱ्या दिवशी प्रिन्स्टाइनने तिहेरी उडी जिंकली. 1904 मध्ये सेंट लुईसला तर त्याने लांब आणि तिहेरी अशा दोन्ही उड्या जिंकल्या. स्पर्धांच्या नियमांचे चटके त्यालाही बसलेले होते.

त्याच 1900 च्या पॅरिस स्पर्धेसाठी ब्रिटिश संघटनेने ओ'कॉनरलाही बोलावलं होतं. त्याने नकार दिला. खेळलो तर आयर्लंडसाठी, ब्रिटनसाठी नाही, एवढंच त्याचं कारण. तेव्हा आयर्लंड हा ब्रिटिश साम्राज्याचा भाग होता आणि लंडनच्या पार्लमेंटकडून चालवला जात होता.

यावरून तो इंग्लंडकडे पाठ फिरवून बसला होता असं मात्र कुणी समजू नये. ब्रिटिश अ‍ॅमेच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशनची अजिंक्यपद स्पर्धा त्या काळी फार मानाची होती. 1901 ते 1906 अशी सलग सहा वर्षं ओ'कॉनरने तिथली लांब उडी जिंकली; उंच उडीतही तो दोनदा पहिला आला. तिथे तो आयर्लंडहून आलेला खेळाडू म्हणून उतरत होता, इंग्लंडचं नाव लावून नव्हे. हा भेद त्याला फार स्पष्ट दिसत होता आणि मला तो अगदी रास्त वाटतो. कुणाशीही, कुठेही खेळायला त्याची ना नव्हती. जिंकलेलं दुसऱ्याच्या खात्यावर पडू नये एवढाच त्याचा आग्रह होता.

1906 मध्ये ही संधी चालून आलीशी वाटली. अथेन्समध्ये 22 एप्रिल ते 2 मे या काळात ऑलिंपिक खेळ भरणार होते. 1904 आणि 1908 च्या मधले हे खेळ, आधुनिक ऑलिंपिकच्या दशकपूर्तीचे. आयर्लंडच्या दोन्ही संघटनांनी तीन खेळाडू निवडले: ओ'कॉनर, कॉन लेही आणि लांब पल्ल्याचा धावपटू जॉन डेली. त्यांच्यासाठी हिरवे कोट आणि टोप्या तयार झाल्या, त्यांवर आयर्लंडचं तीन पानांचं शॅमरॉक. सोबत एक हिरवा झेंडा, मध्ये सोनेरी हार्प आणि खाली 'एरिन गो ब्राख' ही अक्षरं: आयर्लंड चिरायू होवो.

ग्रीसमध्ये नोंदणीच्या वेळी कळलं की तिघांची नावं ब्रिटनच्या यादीत आहेत. नियम बदलले होते. खेळाडूने परस्पर नाव द्यायचे दिवस संपले होते आणि प्रवेश आता देशाच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीमार्फतच मिळणार होता. ब्रिटनने आपली ऑलिंपिक संघटना आदल्याच वर्षी, 1905 मध्ये, उभी केली होती. आयर्लंडची समिती नव्हती, आणि स्वतःचं राज्य नसलेल्या देशाची ती व्हावी कशी? तिघांनी हरकत घेतली. ती मानली गेली नाही. आता दोनच वाटा उरल्या: परत फिरायचं किंवा ब्रिटनच्या नावाखाली उतरायचं. ते उतरले, अंगात आपले हिरवे कोट घालून.

लांब उडीत ओ'कॉनर आणि प्रिन्स्टाइन समोरासमोर आले. प्रिन्स्टाइन आता न्यूयॉर्कच्या आयरिश अमेरिकन अ‍ॅथलेटिक क्लबचा सभासद होता. म्हणजे परदेशी गेलेल्या आयरिश लोकांनी उभारलेल्या क्लबचा खेळाडू अमेरिकेसाठी, आणि आयर्लंडचा खेळाडू ब्रिटनच्या नावावर. फळीपाशी पंच एकच: मॅथ्यू हॅल्पिन, आणि तो होता अमेरिकेच्या संघाचा व्यवस्थापक. ओ'कॉनरने स्पर्धेआधीच हरकत नोंदवली. फेटाळली गेली. उड्या सुरू झाल्यावर हॅल्पिनचे निर्णय पाहून त्याने पुन्हा हरकत घेतली. तीही फेटाळली गेली. अंतरं प्रत्येक उडीनंतर जाहीर होत नव्हती; स्पर्धा संपेपर्यंत कोण पुढे, कोण मागे याचा पत्ता नव्हता. शेवटी आकडे आले: प्रिन्स्टाइन 7.20 मीटर, आणि तेही पहिल्याच उडीत, ओ'कॉनर 7.025 मीटर. ओ'कॉनर ग्रीसचा राजपुत्र जॉर्ज याच्याकडे दाद मागायला गेला. निकाल बदलला नाही.

हॅल्पिनने खरंच पक्षपात केला का? ओ'कॉनरला त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती, आणि सुमारे पन्नास वर्षांनी लिमरिकच्या एका वर्तमानपत्राला मुलाखत देतानाही तो तेच ठामपणे सांगत होता. माझ्यापुरतं म्हणायचं तर 7.20 हा प्रिन्स्टाइनच्या आवाक्यातला आकडा होता आणि ओ'कॉनर तेव्हा तेहतीस वर्षांचा, ऐन बहराच्या पाच वर्षं पुढे होता. प्रिन्स्टाइन त्या दिवशी सरस असू शकतो. पण ज्या खेळात पंचाची नजर हाच पुरावा, तिथे एका स्पर्धकाच्या व्यवस्थापकाला एकट्याने फळीपाशी उभं करणं हीच मोठी चूक होती. त्यामुळे हरलेल्याला निकालावर विश्वास ठेवता आला नाही आणि जिंकलेल्याच्या उडीवरही विनाकारण सावली पडली.

मग झेंड्यांचा समारंभ आला. पहिल्या तिघांच्या देशांचे झेंडे चढवायचे. ओ'कॉनरच्या दुसऱ्या क्रमांकासाठी ब्रिटनचा युनियन जॅक वर जाणार होता. हे त्याला सोसवेना. संगमरवरी स्टेडियमच्या मैदानात झेंड्याचा खांब होता. ओ'कॉनर धावत गेला, खांबावर सुमारे वीस फूट चढला आणि वरून तो हिरवा झेंडा फडकावू लागला. खाली कॉन लेही आणि त्याच्यासोबत आयरिश व अमेरिकन खेळाडू पहारा देत उभे राहिले, पहारेकऱ्यांनी वर पोचू नये म्हणून. अमेरिकन संघात त्या वेळी आयरिश रक्ताचे खेळाडू बरेच होते. मेयो परगण्यात जन्मलेला मार्टिन शेरिडन त्यांतला सर्वांत नावाजलेला. क्रीडास्पर्धेत राजकीय निषेध करणाऱ्यांमध्ये ओ'कॉनरचं नाव फार आधी घ्यावं लागतं. लोक 1968 चं मेक्सिको आठवतात, टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांच्या उंचावलेल्या मुठी आठवतात. हा प्रसंग त्याच्या बासष्ट वर्षं आधीचा.

त्या स्पर्धेत पुढे आयरिश खेळाडूंनी जे केलं ते या प्रसंगाच्या गाजावाजात हरवू नये. उंच उडी कॉन लेहीने जिंकली. तिहेरी उडीत ओ'कॉनरने 14.075 मीटरवर सुवर्ण मिळवलं आणि 13.98 मीटरवर दुसरा आला तोही लेहीच. दहा वर्षांपूर्वी याच स्टेडियममध्ये अरन बेटांच्या लेकराने, जेम्स कॉनलीने, याच प्रकारात आधुनिक ऑलिंपिकचं पहिलं विजेतेपद मिळवलं होतं. लांब उडीत हरून, झेंड्यासाठी खांबावर चढून झाल्यावर, तेहतिसाव्या वर्षी, गुडघ्या-घोट्यांची सर्वांत जास्त परीक्षा पाहणाऱ्या प्रकारात पहिलं यायचं, याला माझ्या मते बॉल्सब्रिजच्या विक्रमाहूनही जास्त जिद्द लागली असेल.

त्या वर्षानंतर तो स्पर्धांतून बाहेर पडला. कारकुनीतून पुढे जाऊन तो स्वतः सॉलिसिटर झाला आणि वॉटरफर्डमध्ये त्याने वकिली केली. संसार मोठा, नऊ मुलं. खेळाशी नातं तुटलं नाही; आयर्लंडच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या संस्थापकांपैकी तो एक होता आणि तिचा पहिला उपाध्यक्षही. नंतरच्या ऑलिंपिक स्पर्धांना तो कधी प्रेक्षक म्हणून, कधी पंच म्हणून हजर राहिला. एकट्या पंचाच्या नजरेबद्दल इतकं भोगलेला माणूस स्वतः पंचाच्या जागेवर उभा राहिला तेव्हा त्याने काय विचार केला असेल, हे जाणून घ्यायला मला फार आवडलं असतं.

त्याची दुसरी मागणी देशाने पुरी केली, पण ती त्याच्या खेळण्याचे दिवस सरल्यावर. 1922 मध्ये स्वतंत्र आयरिश राज्य अस्तित्वात आलं आणि 1924 साली पॅरिसमध्ये आयर्लंडचा संघ पहिल्यांदा आपल्या नावाने उतरला. ज्या शहरातल्या स्पर्धेला चोवीस वर्षांपूर्वी त्याने नकार दिला होता, तेच हे शहर. 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला डॉक्टर पॅट ओ'कॅलहनने हातोडाफेकीत स्वतंत्र आयर्लंडचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं, आणि तेव्हा आयर्लंडचाच झेंडा वर गेला. ओ'कॉनर त्या वेळी पंचावन्न वर्षांचा होता.

9 नोव्हेंबर 1957 ला वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी तो वॉटरफर्डमध्ये गेला. त्याआधीच, 1949 मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या एका उपसमितीने 1906 च्या खेळांना अधिकृत ऑलिंपिकचा दर्जा द्यायला नकार दिला होता. त्यामुळे ओ'कॉनर आणि लेही यांची पदकं आजही अधिकृत यादीबाहेर आहेत. इतिहासकार 1906 च्या पदकांचा जो तक्ता देतात, त्यात आयर्लंड हा रकानाच नाही. तिहेरी उडीपुढे पीटर ओ'कॉनर हे नाव आहे, 14.075 मीटर हा आकडा आहे, आणि देशाच्या जागी ग्रेट ब्रिटन.